पारपोलीच्या व्हाळावर

फुलपाखरे सर्वाधिक दिसतात ती पाऊस सरताना. पण छायाचित्रे काढायची तर वसंतातला मार्च अधिक सोयीचा. आंबोली घाटाच्या पायथ्याशी असलेले सावंतवाडी तालुक्यातील पारपोली फुलपाखरांचे गाव म्हणून ओळखले जाते. मार्चमध्ये इथले व्हाळ (ओढे) आटू लागतात, ओल मोजक्याच जागी उरते आणि रानभर विखुरलेली फुलपाखरे तिथे गोळा होतात.

आमची फेरी सकाळी ऊन पडल्यावरच सुरू झाली. त्याआधी जाण्यात अर्थ नसतो, कारण ऊन घेतल्याशिवाय फुलपाखराचे उडण्याचे स्नायू तापत नाहीत. पहिल्या तासाभरात अनेक फुलपाखरे पानांवर पंख पसरून बसलेली सापडतात. पंखांची वरची बाजू टिपायला हीच वेळ.

ऊन चढले की व्हाळाकाठच्या ओल्या वाळूवर चिखलपान सुरू होते. वसंतातली खरी मौज इथेच. जमणारे बहुतेक नर असतात. मकरंदात साखर भरपूर, सोडियम मात्र नगण्य. तो ओल्या मातीतून मिळवला जातो आणि मीलनाच्या वेळी त्यातला काही भाग मादीला मिळतो. काळ्या पंखांवर निळसर पट्टा असलेली कॉमन ब्लूबॉटल रांगेने बसली होती. लेन्समधून दिसले की सोंड वाळूत रुतलेली आहे आणि थोड्या थोड्या वेळाने पोटाच्या टोकातून पाण्याचा थेंब बाहेर पडतो आहे. क्षार शरीरात राहतात, जादा पाणी टाकले जाते. पाठलाग करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. त्यासाठी काठाशी पालथे पडून राहावे, आपली सावली फुलपाखरांवर पडू देऊ नये आणि कॅमेरा मिटलेल्या पंखांना समांतर धरावा. मॅक्रो लेन्सने जवळून टिपताना जेमतेम काही मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. कॅमेरा जरा तिरका झाला तरी पंखाची कड धूसर होते. चांगल्या चौकटीसाठी फुलपाखराला हात लावणे किंवा फांद्या तोडणे सर्वस्वी गैर आहे.

२०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉरमॉनही या वाळूवर उतरते. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात. सदर्न बर्डविंग मात्र झाडांच्या शेंड्यांवरून तरंगत गेले. ते फुलावर उतरले तरच छायाचित्र मिळते.

दिवस कलल्यावर पाचोळ्यातून कॉमन इव्हनिंग ब्राउन उडू लागते. कोरड्या ऋतूत तिच्या पंखांखालचे डोळ्यांसारखे ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि बसलेली फुलपाखरे वाळक्या पानांपासून वेगळी ओळखू येत नाहीत. तिला टिपायचे तर उडताना पाहून ती कुठे बसते यावर नजर ठेवावी लागते.