दीड जीबीचा दिवस

चैत्र वद्य त्रयोदशी जवळ आली की तेरणेकाठच्या तेर गावी संत गोरोबाकाका कुंभारांच्या समाधीकडे माणसांची रीघ लागते. उन्हं तापलेली, टाळ-मृदंगाचा गजर, आणि त्या गजरातून वर उचललेले फोन. पुण्या-मुंबईला पोटामागे गेलेल्या लेकरांना यात्रा दाखवायची म्हणून तिथूनच व्हिडिओ जातात. दुपार कलायच्या आत कितीतरी जणांचं दिवसाचं नेट संपलेलं असतं. मग वेग ६४ केबीपीएसवर उतरतो आणि पुढचा व्हिडिओ जागच्या जागी फिरत राहतो, रात्री बारापर्यंत.

२०१४ साली देशात एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि हिशेबच पालटला. फोन उघडा ठेवायची सवय तेव्हापासूनची. जुलै २०२४ मध्ये दर पुन्हा चढले. रोज दीड जीबी देणारा जिओचा २८ दिवसांचा पॅक २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेला. एका घरात चार फोन असले, तर हा आकडा किराणाच्या यादीशेजारी येऊन बसतो.

यात्रेचं हे तेर गाव एकेकाळी तगर होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई. गाडीत काय भरलंय हे गाडीवानाला ठाऊक असे. फोनचं तसं नाही. त्यात काय येतं आणि काय जातं, त्याचं ओझं हाताला लागतच नाही.

म्हणून ते शोधावं लागतं. तेरच्या कथेत मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेका संताचं डोकं ठोकून पाहतात, कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं ते. फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' उघडून एकेका अ‍ॅपवर बोट ठेवायचं, ते काम याच जातीचं. कोणत्या अ‍ॅपनं महिन्यात किती खाल्लं, त्यातलं किती आपण ते उघडलेलं नसताना, सारं तिथे लिहिलेलं असतं. ज्याचं नाव वरती येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, तेच पुष्कळदा वरती असतं. त्याचा 'बॅकग्राउंड डेटा' बंद करता येतो. अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून 'डेटा सेव्हर'ही आहे. तो सगळ्यांनाच एकदम आवरतो, आणि ज्याची खरंच गरज आहे त्याला सूट देता येते.

व्हॉट्सअ‍ॅपची मूळ मांडणी अशी की मोबाइल डेटावर फोटो आपोआप उतरतात. गावकीचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, सगळीकडून सकाळी फुलं आणि सुविचार येतात. पाठवणाऱ्याची माया खरीच असते, पण प्रत्येक चित्र उतरवून घेतलंच पाहिजे असं नाही. 'स्टोरेज आणि डेटा'मध्ये जाऊन ऑटो-डाउनलोड बंद केलं की जे पाहायचं त्यावरच बोट ठेवायचं.

खरी उधळण व्हिडिओची. तासभर १०८०पी पाहिलं तर दीड जीबी सहज उडतो. ४८०पीवर तोच तास साधारण अर्ध्या जीबीत भागतो. भाषणात, कीर्तनात, गणिताच्या तासाला चेहऱ्यावरची सुरकुती दिसायची गरज नसते, शब्द नीट ऐकू आले की झालं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हे पुरतं कळलेलं असतं. वायफाय मिळेल तिथे व्याख्यानं उतरवून ठेवायची आणि रानात, एसटीत, लोडशेडिंगमध्ये ऐकायची. ही काटकसर कंजूषपणाची नव्हे. पावसाचा अंदाज, सोयाबीनचा भाव, पीकविम्याचा अर्ज ऐन वेळी उघडला पाहिजे; त्यासाठी नेट शिल्लक राहायला हवं.

आणि ज्यांना नेटच नको, त्यांचं काय? बटणाचा फोन पदराआड जपणाऱ्या आजीला फक्त लेकीचा आवाज हवा असतो, तरी डेटाचे पैसे तिच्याही रिचार्जमध्ये मोजले जात. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक ठेवणं बंधनकारक केलं. पुढच्याच महिन्यात असे पॅक आले. ते आहेत हे आजीच्या कानावर घालायचं काम मात्र तिचा रिचार्ज मारून देणाऱ्या नातवाचं आहे.