सुकाणू आणि कान

शाळामास्तरास एक खोड असते. वर्ग शांत दिसला, की आपले शिकविणे सर्वांस उमगले, असे तो समजून चालतो. अडतीस वर्षे मीही तसेच समजत आलो. माझा हा भ्रम निवृत्तीनंतर दूर झाला आणि तो दूर करणारा गुरू म्हणजे कापसाच्या बोंडात राहणारी, बोटाच्या पेराहूनही लहान अशी एक अळी होय. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

केदारखेडा हे भोकरदन तालुक्यातील पूर्णाकाठचे आमचे गाव. वडिलोपार्जित जमीन धाकटा बंधू पाहतो. २०१६ साली मी निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा त्याने शेतीचा जमाखर्च आपण होऊन माझ्या स्वाधीन केला. मी मॅट्रिक झालेला, संस्कृतात थोडीफार गती असलेला; तो मातीत राबून शिकलेला. घरात शब्द कोणाचा चालावा, याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती. दुर्दैवाने माझ्याही नव्हती.

बीटी कापूस आमच्या जिल्ह्यास परका नव्हे. २००२ साली ज्या पहिल्या बीटी वाणांस सरकारची मान्यता मिळाली, ते १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात स्थापिलेल्या 'महिको'चेच होते. या वाणात अळीस मारक असे द्रव्य झाड स्वतःच निर्माण करते. २००६ पासून दोन द्रव्यांचे वाण आले. आम्ही घेत असू त्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या कापसाच्या बियांची १२० ग्रॅमची एक लहान पुडी मिळे आणि ती शेताच्या कडेने पेरावी, असा नियम होता.

२०१७ च्या पेरणीस बंधूने ती पुडी दाखवून विचारले, "दादा, हिचं काय करायचं?"

मी हसून म्हणालो, "अळ्यांना अन्नछत्र घालायचे आहे काय? टाकून दे." त्याने ती टाकून दिली. आजवर तो ती न चुकता पेरीत असे, हे मला मागाहून कळले.

मी ज्यास अन्नछत्र म्हणालो, ती खरोखर युक्ती होती. लक्षावधी अळ्यांत एखादी विष पचविणारी निघतेच. सर्व शेत विषारी असेल तर बाकीच्या मरतात, उरलेल्यांचा आपसांत संकर होतो आणि तसलीच प्रजा वाढते. कडेच्या साध्या कापसावर मात्र साधे पतंग वाढतात. त्यांच्याशी संकर झाला, की पुढची पिढी पुन्हा विषास बळी पडते. ॲरिझोनातील शेतकऱ्यांनी १९९६ पासून दहा वर्षे अशा ओळी राखल्या, पुढे तेथे वंध्य पतंग सोडण्यात आले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या भूमीवरून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. आमच्या एका पुडीने महाराष्ट्र वाचला असता, असे नव्हे. परंतु घरोघरी माझ्यासारखा एकेक शहाणा बसला होता.

त्या वर्षी राज्यभर काय झाले, हे सर्वश्रुत आहे. दिवाळीच्या सुमारास मी बोंडे फोडून पाहिली. वरून हिरवीगार आणि धडधाकट; आत गुलाबी अळी, सडका कापूस आणि चिकटलेल्या पाकळ्या. मी बंधूस विचारले, "हे तुझ्या ध्यानात कधी आले?"

"पोळ्यानंतर. फुलं उमलत नव्हती, डोमकळ्या झाल्या होत्या."

"मग बोलला का नाहीस?"

तो बराच वेळ पायाने ढेकूळ फोडीत उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होता, या वाणाला अळी लागत नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

पैशाचे नुकसान दोन वर्षांत भरून निघाले. हे वाक्य मात्र मनातून जाईना.

पुढे पुतण्या अभियांत्रिकी शिकू लागला. सुटीत त्याने मला सायबरनेटिक्स नावाच्या शास्त्राची ओळख करून दिली. १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने त्याचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५५-५६ मध्ये हे गृहस्थ कलकत्त्यास महालनोबिसांच्या संख्याशास्त्र संस्थेत येऊनही राहिले होते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपला कर्णधार. यंत्र असो, प्राणी असो वा समाज असो. आपल्या कृतीचा परिणाम काय झाला, याची वार्ता परत येते आणि तदनुसार पुढची कृती बदलते, तोवरच तो तग धरतो. वार्ता उशिरा आली तर नाव खडकावर जाते. रॉस ॲशबी या इंग्रज मनोवैद्याने १९५६ मध्ये आणखी एक सिद्धांत मांडला: परिस्थिती जितकी बहुरूपी, तितकेच उपायही बहुविध हवेत. अळीपाशी अनेक रूपे होती. माझ्यापाशी उपाय एकच, आणि वार्ता एकही नाही.

ऐकता ऐकता मला आमच्या जुन्या शब्दाचे नवल वाटले. संस्कृतात 'कर्ण' म्हणजे कान, आणि 'कर्ण' म्हणजे सुकाणूही. इतकी वर्षे 'कर्णधार' शब्दाचा विग्रह मुलांकडून घोकून घेतला. परंतु सुकाणू धरणाऱ्याने कानही उघडे ठेवावयाचे असतात, हे मला कधी सुचले नाही. वडील माणसास उलट सांगणे हा आपल्या घरांत उद्धटपणा ठरतो. मर्यादा हवीच, पण तिने वार्तेचा मार्ग अडविला, तर वडीलपण आंधळे होते. माझ्या त्या शांत वर्गांतून किती मुले 'माझेच चुकते' असे समजून खाली मान घालून बसली असतील, हा विचार आता झोपेत येतो.

सांप्रत आमच्या शेतात कामगंध सापळे आहेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की उपाय करावयाचा, असे त्याचे गणित आहे. साध्या कापसाच्या ओळी आम्ही कडेने राखतो. फरदडीच्या लोभाने पऱ्हाटी उभी ठेवीत नाही. कारण तीच अळीस पुढल्या हंगामापर्यंत पोसते. काय, केव्हा पेरावे, हे बंधू ठरवितो. सापळ्यांच्या नोंदीची वही तेवढी माझ्याकडे आहे.

परवा ती वही चाळता चाळता तो म्हणाला, "दादा, कालची बेरीज चुकली आहे."

बेरीज खरोखरच चुकली होती.