एक पाय जमिनीवर

माझा आणि खेळांचा संबंध कॅरमपलीकडे कधी गेला नाही. तिथंही राणी घेऊन कव्हर द्यायला विसरणारा मीच. त्यामुळं कन्या शाळेच्या बास्केटबॉल संघात निवडली गेली तेव्हा सौ.नं त्याचं सगळं श्रेय आपल्या माहेरच्या खाती जमा केलं. मी हरकत घेतली नाही.

पहिल्याच सामन्यात मी घोटाळा केला. कन्येच्या हाती चेंडू येताच कठड्यावरून ओरडलो, "अगं पळ, पळ!" पोरगी भांबावली आणि चेंडू छातीशी धरून पळाली. शिट्टी! पंचांनी दोन्ही मुठी एकमेकींभोवती गरगर फिरवल्या आणि चेंडू चक्क पलीकडच्यांना देऊन टाकला. यालाच ट्रॅव्हलिंग म्हणतात, हे मला शेजारच्या पालकांनी कीव करत सांगितलं.

रात्री जेवणानंतर माझी शिकवणी झाली. चेंडूच्या जागी नारळ.

"बाबा, दोन्ही पाय टेकलेले असताना चेंडू मिळाला, की तुम्ही जो पाय आधी उचलाल तो मोकळा. उरला तो पिव्होट. त्याच्यावर हवं तेवढं गोल फिरा, पण तो जागचा हलता कामा नये."

"मग पुढं जायचं कसं?"

"ड्रिबल करत. पण आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे, मग पिव्होट उचलायचा. पास द्यायचा किंवा बास्केट मारायची असेल तर पाय आधी उचलला तरी चालतो. मात्र तो परत टेकायच्या आत चेंडू गेला पाहिजे."

आधी व्हाउचर, मग पैसे. हे मला लगेच पटलं.

जेम्स नेस्मिथ यांनी 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला, तेव्हा चेंडू घेऊन धावायला बंदीच होती; झेलला तिथूनच फेकायचा. पुढं नियम सैलावत गेले. 2017 साली तर आंतरराष्ट्रीय महासंघानं ठरवलं, की धावताना चेंडू हाती येतो त्या क्षणी टेकलेला पाय मोजायचाच नाही. त्यापुढची दोन पावलं मोजायची. म्हणजे पहिलं पाऊल शून्यावं! आमच्या बँकेत असा हिशेब केला तर मेमो मिळेल.

"पण असं एका पायावर उभं राहायचं तरी किती वेळ?" कोपऱ्यातून आईनं विचारलं.

"समोर मीटरभरात कुणी अडवायला उभं असेल तर पाच सेकंद, आजी. मग चेंडू गेला."

"आणि याला वीस वर्षं झाली!"

सगळे हसले. मी नारळ खाली ठेवला. वीस वर्षं मी त्याच शाखेत फिरतोय: बचत खातं, मुदत ठेवी, क्लिअरिंग, पुन्हा बचत खातं. अधिकारी झालो की बदली, म्हणून प्रमोशन दोनदा नाकारलं. कारण विचारलं की सांगायचो, "आईचं वय झालंय."

"माझ्या नावावर किती दिवस खपवणार आहेस?" आई म्हणाली. "घाबरतोस तू. मी येईन की कुठंही. मला काय, भिंतीला टेकून बसायला जागा आणि सकाळी चहा."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

यंदा प्रमोशनचा अर्ज भरला. साहेबांच्या टेबलाशी मिनिटभर तो हातात धरून उभा होतो. मग अर्ज त्यांच्या हाती सोडला आणि मगच पाय उचलला. नियमानं.