जुने मैदान, नवे मैदान

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर पोहोचलो. त्या दिवशी चेतन शर्माने न्यूझीलंडचे तीन फलंदाज लागोपाठ त्रिफळाचीत करून विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक साधली. सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक झळकावले. १९६९ पासून कसोटी सामने पाहिलेले ते मैदान आम्हाला आपले वाटू लागले.

२००८ मध्ये कसोटी सामने वर्धा मार्गावरील जामठ्याला गेले. जुन्या मैदानाकडे देशांतर्गत क्रिकेट उरले. नवे स्टेडियम प्रशस्त, देखणे. पण भंडाऱ्याकडून येणाऱ्याला शहराच्या पार पलीकडे. परतीच्या बसच्या विवंचनेत शेवटची षटके हातची जात. स्मृती काही नव्या जागी हलवता येत नाहीत, असे आम्ही कुरकुरत राहिलो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच जामठ्याला विदर्भाने सौराष्ट्राला हरवून सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. जुन्या मैदानाने आम्हाला थोरांचे पराक्रम दाखवले होते. इथे आपल्याच मातीतली मुले जिंकत होती. त्या दिवशी बसची घाई नव्हती. तरीही सामना संपल्यावर आम्ही बराच वेळ जागेवरून उठलो नाही.