यांचा आकडा अकरा

गेल्या दिवाळीत नात पुण्याहून आमच्याकडे हैदराबादला आली होती. ती रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. फराळ झाल्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणाली, "आजोबा, तुमचा एच-इंडेक्स बघू या?"

हे इथल्याच एका प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले केमिस्ट. (केमिस्ट म्हटलं की शेजारीण विचारायची, "दुकान कुठे आहे?") यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"अकरा," नात म्हणाली.

"शंभरापैकी?" मी विचारलं.

तेव्हा तिने समजावलं. ज्याच्या अकरा शोधनिबंधांचा इतर संशोधकांनी प्रत्येकी किमान अकरा वेळा संदर्भ दिला, त्याचा आकडा अकरा. बारा व्हायला बारा निबंधांना प्रत्येकी बारा संदर्भ हवेत. हा हिशेब जॉर्ज हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडला. संदर्भ मोजणं त्याहून जुनं. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून अमेरिकेत त्यांची सूचीच छापली. नोकरी, बढती, अनुदान, सगळीकडे आता हा आकडा विचारतात. तिच्या गाईडचा चाळीसच्या वर आहे. एक बरं, हा आकडा कधी कमी होत नाही.

हे उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. ही गप्प बसण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची. वीसेक वर्षं नोकरी झाल्यावर बढतीच्या मुलाखतीत यांना विचारलं होतं, "निबंध एवढेच?" त्या रात्री हे जेवले नव्हते.

निबंध कमी, कारण यांचे उन्हाळे नलगोंडा जिल्ह्यात जायचे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड फार. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दातांवर डाग पडतात, फारच असेल तर वर्षानुवर्षं पिऊन हाडं वाकतात. माझ्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या असायच्या. झिर्कोनियम आणि ॲलिझरीनचा लाल रंग फ्लोराइड पडलं की पिवळा होत जातो. साध्या उपकरणांवर, कमी खर्चात हा रंग मोजता यावा म्हणून यांनी एक सुधारणा केली आणि त्यावर एक निबंध लिहिला. पाणी तपासणारी जिल्ह्यातली मुलं येऊन ती शिकून गेली. त्यांनी हजारो बाटल्या तपासल्या असतील, पण ती मुलं निबंध कुठे लिहिणार? त्यांनी हातपंपांना लाल रंग फासला, बायका दुसरीकडे पाण्याला जाऊ लागल्या. याची नोंद कुठल्या सूचीत व्हायची?

मी तरी वेगळं काय केलं? कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली निघाली. त्यातल्या प्रमाणाने मी जन्मभर पदार्थ केले, हळदीकुंकवाला कौतुक करून घेतलं, आणि एकदाही बाईंचं नाव सांगितलं नाही.

नातीला बहुधा चूक कळली. ती बाल्कनीत गेली. "आजोबा, जगात सगळ्यांत जास्त संदर्भ कुठल्या निबंधाला मिळाले, माहीत आहे? १९५१ चा, ऑलिव्हर लॉरींचा. तीन लाखांवर!"

"प्रथिनं मोजायची पद्धत," हे वळून म्हणाले. "आम्हीही वापरली आहे. निळा रंग येतो."

"लॉरींनी स्वतःच लिहिलंय, की तो काही थोर निबंध नव्हे, पण मनातून मजा वाटते."

"पद्धतीचाच ना तो?" यांनी पुन्हा विचारलं.

मग कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. झेरॉक्स दुर्मीळ होतं त्या काळात परदेशातले संशोधक पोस्टकार्ड पाठवून निबंधाची छापील प्रत मागवायचे. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी. यांतले दोन देश तर आता उरलेही नाहीत. प्रत्येक कार्डावर यांनी 'पाठवली' असं लिहून तारीख टाकलेली. टपालखर्च आपल्या खिशातून, हे मला तेव्हा कळलं.

नातीने जमिनीवर बसून कार्डं मोजली. सदुसष्ट भरली. एकाही कार्डावर तिकीट नव्हतं, तिथे चौकोनी भोक.

"तिकिटं कुठे गेली?" तिने विचारलं.

"तुझ्या बाबाला फोन लाव," हे म्हणाले.