नानांचा ‘च’

“तुझा मोबाईल मराठी बोलतो खरा, पण एखाद्या गोऱ्या साहेबाने शिकून घ्यावी तशी बोलतो,” नाना म्हणाले आणि त्यांनी फोन पालथा करून चटईवर ठेवून दिला.

नाना माझ्या नात्यातले कुणी नव्हेत. चाळीत आमच्या भिंतीला त्यांची भिंत लागून आहे, एवढेच नाते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात त्यांची नोकरी गेली ती गेलीच. मग ते भिवंडीला आले आणि पुढची तीसेक वर्षे त्यांनी एका गाळ्यात यंत्रमाग चालवले. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने उरलीसुरली नजरही नेली. शाळेत असल्यापासून रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे हे माझे काम. अग्रलेखसुद्धा! माझी मराठी जी काही सुधारली ती त्या अग्रलेखांनी. परंतु कॉलेज सुरू झाले, पहिला तास सकाळी सव्वासातला आला आणि वाचन बंद पडले. त्याची भरपाई म्हणून मी त्यांना फोनचा आवाज सुरू करून दिला होता. तर त्यावर हे उत्तर.

“काय खटकतं, नाना?”

“च खटकतो. ज खटकतो. मी चाळीत राहतो की ‘च्याळीत’? कांड्या भरायची चाती असते, ‘च्याती’ नव्हे.”

त्या क्षणी मला थोडा रागच आला होता. आंधळ्या माणसाला बातम्या ऐकायला मिळतात, त्यात च कसला पाहायचा? पण त्याच आठवड्यात आमच्या भाषाविज्ञानाच्या सरांनी वर्गात तालव्य आणि दंततालव्य हा भेद शिकवला, आणि मी बाकावर सरळ होऊन बसले. मराठीत च एकच लिहितो, बोलतो मात्र दोन. ‘चार’मधला वेगळा आणि ‘चाळ’मधला वेगळा. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात दोन्ही आहेत, पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. ‘त्याचा’ म्हणताना जीभ दाताकडे जाते, ‘त्याची’ म्हणताना टाळूकडे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, ही दोन्ही कागदावर अगदी सारखी. आपण हे आईच्या कडेवर शिकतो म्हणून कळत नाही. यंत्राला आई नाही. त्याला जे कागदावर दिसते तेवढेच कळणार. म्हणजे नानांची तक्रार हट्टाची नव्हती, व्याकरणाची होती.

शोधता शोधता मला ‘ईस्पीक एनजी’ सापडले. जोनाथन डडिंग्टन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९९५ साली एकॉर्न जातीच्या संगणकासाठी लिहिलेल्या एका छोट्या कार्यक्रमापासून ते वाढत गेले. २०१५ च्या अखेरीपासून रीस डन आणि इतर मंडळींनी ते ‘एनजी’ या नावाने पुढे नेले. दृष्टिहीन लोक संगणकावर ‘एनव्हीडीए’ हा वाचक वापरतात, त्याच्याबरोबर हाच आवाज येतो. आवाज गोड मुळीच नाही. माणसाचा आवाज साठवून न ठेवता तो गणिताने ध्वनी घडवतो, त्यामुळे काहीसा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. मात्र त्याचे पोट उघडे आहे! सी भाषेत लिहिलेले हे सारे कुणालाही पाहता येते, बदलता येते. आणि मराठीचे उच्चार दोन साध्या फायलींत आहेत. एकीत नियम आहेत : आधी काय, मग अक्षर, मग पुढे काय, आणि शेवटी उच्चार. दुसरीत नियमाला न जुमानणाऱ्या शब्दांची यादी. हे पाहून मला पाणिनीची आठवण झाली असे लिहिले तर सर हसतील, पण झाली.

आता अडचण. बदल करून ते पुन्हा ‘बांधायला’ संगणक हवा. आमच्या घरी संगणक नाही. फोन आहे. अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ नावाचे एक ॲप चालते. त्यात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या, आणि सी भाषेचा कंपायलरसुद्धा त्यात मिळतो. मात्र फोनवरचे प्रत्येक ॲप कुंपणात असते. या व्यवस्थेला सँडबॉक्स म्हणतात. मला ती भिवंडीच्या गाळ्यांसारखी वाटते. एका इमारतीत ओळीने गाळे, प्रत्येकाला वेगळे कुलूप, वेगळा मीटर. या गाळ्याचा माणूस त्या गाळ्यातल्या बीमला हात लावू शकत नाही. अँड्रॉइड तर प्रत्येक ॲपला निराळा माणूस समजून निराळा क्रमांकच देते. नेहमीच्या संगणकासाठी लिहिलेले ग्रंथालय (‘लायब्ररी’ला हाच शब्द वापरते, राग नसावा) समजून चालते की इमारतीचे सामायिक गोदाम आपल्याला खुले आहे. इथे ते नसते. जे काही मांडायचे ते टर्मक्सच्या गाळ्यात, त्याच्याच लांबलचक पत्त्यावर.

मी २०२२ साली निघालेली १.५१ ही आवृत्ती उतरवून घेतली आणि सोयीची म्हणून फोनच्या ‘डाउनलोड’ कप्प्यात ठेवली. तिथेच चूक झाली, पण ते कळायला चार दिवस गेले. बांधकामाआधी ‘कॉन्फिगर’ नावाची एक लिपी चालवायची असते. ती आजूबाजूला चाचपून पाहते : कंपायलर आहे का, अमुक सोय आहे का, तमुक आहे का. माझ्याकडे ती थोडी चाचपायची आणि थांबायची. इंग्रजीत सांगायची की, कंपाइल केलेले कार्यक्रम चालवता येत नाहीत. दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी बांधत असाल तर तसे सांगा. मी आज्ञाधारकपणे ‘तसे सांगण्या’च्या मागे लागले. यंत्राच्या जातीची नावे पालटून पाहिली. एकदा तर वैतागून फोन उशीखाली टाकला. आई म्हणाली, “परीक्षेचा अभ्यास असा रडवत नाही तुला.”

नानांना सांगितले. त्यांना सी भाषा काय कळणार! पण त्यांनी विचारले, “माग कुठे बसवलास?”

“म्हणजे?”

“आम्ही मुंबईच्या गिरणीतले मोडीत निघालेले माग इथे आणून बसवले. माग तोच, पण उचलून आणला आणि चालला असं होत नाही. खालची जमीन लेव्हलला नसेल तर धोटा उडतो. माणूस मागालाच खोलत बसतो. आधी जमीन बघ.”

मी जमीन पाहिली. डाउनलोडचा कप्पा सगळ्या ॲपांचा सामायिक, म्हणून अँड्रॉइड तिथून कोणताही कार्यक्रम चालवूच देत नाही. तिथे फक्त ठेवायचे. कॉन्फिगर आपला छोटासा नमुना-कार्यक्रम बांधत होती, चालवून पाहत होती, आणि परवानगी नाही म्हणून हात टेकत होती. यंत्राच्या जातीचा संबंधच नव्हता. सगळे सामान टर्मक्सच्या स्वतःच्या कप्प्यात हलवले, ‘प्रीफिक्स’ म्हणून त्याच गाळ्याचा पत्ता दिला, थेट स्पीकरला जोडणारा भाग वगळायला सांगितला (त्याऐवजी आवाजाची फाईल काढायची) आणि कॉन्फिगर शेवटपर्यंत पळाली. रात्री साडेअकरा वाजता मी एकटीच टाळी वाजवली.

पुढचे काम ‘मेक’चे. हा कार्यक्रम बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिला, आणि अजून राबतो आहे. त्याचे नियम फार समंजस असतात : ही वस्तू हवी, ती या या वस्तूंपासून होते, करण्याची रीत अशी. मूळ वस्तू बदलली असेल तरच पुन्हा करा, नाहीतर हात लावू नका. मराठीची यादी बदलली तर फक्त मराठीचा कोश पुन्हा बांधला जातो. एक विक्षिप्तपणा मात्र आहे. रीतीची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. दिसायला हुबेहूब तेवढीच मोकळी जागा सोडली तर चालत नाही. न दिसणाऱ्या अक्षरापायी माझी एक दुपार गेली.

ईस्पीकच्या बांधणीतली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. आधी कार्यक्रम तयार होतो, आणि मग तोच नवाकोरा कार्यक्रम स्वतःचे ध्वनी आणि सगळ्या भाषांचे कोश बांधायला बसतो. नुकत्याच उभ्या केलेल्या मागाने स्वतःचाच पट्टा विणावा तसे. म्हणूनच मोठ्या संगणकावर बसून फोनसाठी हे बांधणाऱ्यांची पंचाईत होते. फोनसाठी बांधलेला कार्यक्रम त्या संगणकावर चालतच नाही, मग कोश कोण बांधणार? त्यांना आधी स्वतःच्या यंत्रासाठी एक प्रत बांधून तिच्याकडून हे काम करून घ्यावे लागते. माझ्याकडे संगणक नसल्यामुळे ही कटकट वाचली. गरिबीचा असाही फायदा!

मग मी नियम लिहायला घेतला. इ, ए, य पुढे असतील तर च तालव्य, बाकी सगळीकडे दंततालव्य. त्यासाठी त आणि स यांच्या खुणा जोडून दिल्या. ज ला तसेच. उत्साहाने नानांसमोर एक परिच्छेद वाजवला. ‘चाळ’ छान आली. ‘त्याचा’ छान आला. नाना मान डोलावू लागले. मग चांद्रयानाची बातमी आली आणि फोन गंभीरपणे म्हणाला, “त्संद्र.”

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. दुसऱ्या दिवशी सरांना गाठले तेव्हा ते म्हणाले, “अगं, तत्सम शब्द विसरलीस.” चंद्र, चरण, जन्म, जय हे संस्कृतातून जसेच्या तसे आले, त्यांनी आपला च-ज बरोबर आणला. ‘जॉबर’ इंग्रजीतून आला, तोही आपला ज घेऊन आला. शब्द कोणत्या घरातून आला हे ठाऊक असल्याशिवाय उच्चार ठरत नाही, आणि ते अक्षरावरून ओळखता येत नाही. तेव्हा एकेक शब्द यादीत घालणे आले. सध्या माझ्या वहीत दोन रकाने आहेत. वर्गात जे घोकायला कंटाळा यायचा ते तत्सम-तद्भव मी आता बसमध्ये करत असते.

एक गोष्ट मात्र साधली नाही, ती सांगायला हवी. हा आवाज नानांच्या फोनचा आवाज होऊ शकला नाही. फोनचा पडदा वाचून दाखवणारा भाग आवाजासाठी वेगळे बसवलेले ॲपच मागतो. टर्मक्सच्या गाळ्यात मी काय बांधले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ज्या कुंपणाने परक्यांना आत येऊ दिले नाही, त्यानेच माझ्या ‘च’ला बाहेर पडू दिले नाही. त्याचे स्वतंत्र ॲप बांधता येते म्हणतात, पण ती विद्या अजून मला आलेली नाही. म्हणून मी रात्री चार बातम्या निवडते, आवाजाच्या फायली काढते आणि नानांच्या फोनवर पाठवते. सकाळी मी कल्याण नाक्यावर रिक्षा शोधत असते तेव्हा ते त्या ऐकत असतात.

परवा संध्याकाळी त्यांनी हाक मारली. वाटले, ऐकून समाधान झाले असेल. तर म्हणाले, “पोरी, ‘जरा’ तपास. म्हाताऱ्यांवरचा लेख होता ना आज, त्यात दोनदा आला. एकदा थोडं या अर्थी, एकदा म्हातारपण या अर्थी. तुझं यंत्र दोन्हीकडे थोडंच म्हणतं.”

मी वही उघडली. ‘जरा’ कोणत्या रकान्यात लिहायचा, ते अजून ठरलेले नाही.