दोन मांजरांचं एक घर

मांजर पाळणं आपल्या जैन घरांत तसं कमीच. पांजरपोळाला देणगी जाते, दाराशी आलेल्या गायीला पोळी मिळते, पण मांजर म्हटलं की घरातली एखादी वडीलधारी बाई हमखास म्हणते, "उंदीर मारणार ते, आणि पाप आपल्या माथी." तरीही मांजर येतंच. पावसात भिजलेलं पिल्लू न्हाणीच्या दाराशी ओरडत बसलं तर त्याला हाकलून देणं कुठल्या धर्मात बसतं? आमच्याकडे पहिलं मांजर असं आलं. दुसरं आलं ते माणसाबरोबर. या दोघांना एका छपराखाली नांदवायला जवळजवळ सहा महिने लागले. समाजातल्या बायका भेटल्या की त्याबद्दल विचारतात. कुणाच्या लेकीनं पुण्यात दुसरं मांजर आणलेलं असतं, कुणाच्या सुनेबरोबर तिचं मांजर सासरी आलेलं असतं. म्हणून एकदा सविस्तरच लिहिते.

आमचं घर डिचोलीला. बिट्टू इथेच वाढलेला बोका, पाच वर्षांचा, नसबंदी झालेला, घरभर आपलंच राज्य मानणारा. यांच्या आत्या पेडण्याला राहायच्या. यजमान गेल्यावर दुकान बंद झालं, पण आत्यांनी घर सोडलं नाही. गोव्यात आपण मोजकेच. डिचोली तालुक्यात नार्व्याला, कुडण्याला जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत, म्हणजे एके काळी आपली वस्ती इथे होती; पण आज पेडण्यात आत्यांना णमोकार म्हणायला सोबत होती ती फक्त चिमीची. चिमी म्हणजे पांढऱ्या-पिवळ्या रंगाची आठ वर्षांची भाटी. मे महिन्यात आत्या अंगणात पडल्या, खुब्याला मार बसला, आणि एकटं राहणं संपलं. त्यांनी एकच अट घातली, "चिमी येणार असेल तर मी येते."

निघताना शेजारीण म्हणाली, "माजर घराचें गो, मनशाचें न्हय." मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही. धारगळ, कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा. एवढ्या रस्त्यात चिमी टोपलीत एकदाही ओरडली नाही. आम्हाला वाटलं, शहाणी आहे. ती भीतीनं गप्प होती हे नंतर कळलं.

पहिल्या आठवड्यात घराची काय दशा झाली विचारू नका. चिमी आत्यांच्या पलंगाखाली ट्रंकेमागे जाऊन बसली. दीड दिवस तिनं काही खाल्लं नाही. पोटावरचे केस चाटून चाटून तिथे गुलाबी कातडी दिसायला लागली. दोघं एका खोलीत आलीसुद्धा नव्हती. नुसता वास आला होता, तेवढ्यानं बिट्टूचं डोकं फिरलं. दारं हुंगत फिरायचा, रात्री रडायचा. आणि एका सकाळी त्यानं शेपूट उभी करून देवघराच्या चौकटीवर पिचकारी मारली. पार्श्वनाथांची मूर्ती तिथून चार हातांवर. आत्यांनी ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत. दुपारी मला म्हणाल्या, "मला परत पेडण्याला सोडा. आम्हा दोघींमुळे तुमच्या घरात हे व्हायला नको."

प्रश्न नुसता मांजरांचा राहिला नव्हता. चिमीचं बस्तान बसलं नसतं तर आत्यांचंही बसणार नव्हतं.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, एकट्यानं शिकार करणारं. कुत्र्यांसारखा कळप नाही, म्हणून भांडण मिटवायच्या, माफी मागायच्या खुणाही त्याच्याकडे फारशा नाहीत. त्याच्या जवळ एकच उपाय, दूर जाणं. बंद घरात दूर जायला जागाच नसेल तर ते लपतं, मारतं, नाहीतर आपल्या वासानं हद्द आखतं. गाल, पंजे, सगळीकडे त्याच्या वासाच्या ग्रंथी असतात. आपल्या पायाला, दाराच्या कडेला ते गाल घासतं ते 'हे माझं, ओळखीचं' असं लिहून ठेवायला. बिट्टूची पिचकारी हा माज नव्हता. घाबरलेल्यानं घातलेली ती कडी होती. त्याला मारून, ओरडून काही साधत नाही, भीती तेवढी वाढते. आणि हो, तिथे फिनाईल ओतू नका. मांजरांना ते विषारी असतं. आम्ही साबणाच्या कोमट पाण्यानं चौकट पुन्हा पुन्हा पुसली.

मग पद्धतशीर सुरुवात केली. आत्यांची खोली पूर्ण चिमीची. दार बंद. आत तिचं पाणी, तिचं खाणं, तिचा वाळूचा टब, आणि पेडण्याहून आणलेली न धुतलेली गोधडी. तिच्यावर घरचा वास होता. बाहेर बिट्टूचं सगळं होतं तसंच ठेवलं. नियम असा की जितकी मांजरं, त्यापेक्षा एक टब जास्त, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. म्हणजे आमच्याकडे तीन. दोन बायकांना एकच न्हाणीघर दिलं तर काय होतं हे आपल्याला ठाऊकच आहे.

आत्यांनी आपल्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे फाडून दिले. एका तुकड्यानं चिमीचे गाल पुसायचे आणि तो बिट्टूच्या जेवणाजवळ ठेवायचा, बिट्टूचा तिच्याजवळ. पहिल्या दिवशी बिट्टू तुकड्यावर फिसकारला. आठव्या दिवशी त्याच्यावरच झोपला. मग रोज थोडा वेळ अदलाबदल. चिमी घरभर हिंडायची तेव्हा बिट्टू तिच्या खोलीत, एकमेकांना न पाहता. त्यानंतर आतल्या दाराला डासांची जाळी असते तसलं जाळीचं दार बसवलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणं. आधी दहा हातांवर, मग रोज वीतभर पुढे. कुणी जेवण सोडून टक लावून बघायला लागलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे.

आता खाण्याचा विषय टाळून चालणार नाही, कारण आपल्या घरात तोच खरा अडतो. दही-भात, दूध-पोळी यावर मांजर जगतं असं आपण समजतो. ते जगतं बाहेर उंदीर, पाली मारून. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं. ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं तर हृदय कमकुवत होतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. आम्ही तयार दाण्यांचा डबा स्वयंपाकघराबाहेर, वेगळ्या फळीवर ठेवतो; चमचा, वाट्याही वेगळ्या. आत्यांनी त्या डब्याला आजतागायत हात लावलेला नाही. मी कधी आग्रहही केला नाही. पण वेळ त्यांनी सांभाळली. त्यांचं स्वतःचं जेवण सूर्यास्ताआधी. त्याच सुमारास त्या जाळीपाशी पाट घेऊन बसायच्या आणि हाक मारायच्या, "वाढा गं यांना, दिवस मावळतोय." मांजराला ठरलेल्या वेळेसारखा आधार नाही. आणि आपल्या घरांत घड्याळ बंद पडलं तरी सूर्य वेळ सांगतो.

महिनाभरानं जाळी उघडली. मारामारी झाली नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, "किती शांत आहेत हो!" मलाही तसंच दिसत होतं. बिट्टू वाटेच्या मधोमध पसरलेला, चिमी खोलीच्या दारात बसलेली. आत्या मात्र म्हणाल्या, "शांत कसली? तो वाट अडवून बसलाय. तिला वाळूकडे जायचंय." मी पाहिलं, खरंच. बिट्टू फक्त बघत होता, आणि तेवढ्यानं चिमी पाऊल उचलत नव्हती.

मी विचारलं, "आत्या, तुम्हाला कसं कळलं?" त्या हसल्या. "आमच्या सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायच्या. बोलायच्या काही नाहीत. पण मला पाणी प्यायला आत जायचं असलं तरी अर्धा तास लागायचा."

डॉक्टरीणबाईंनीही नंतर तेच सांगितलं. फिसकारणं परवडलं, ही मुकी अडवणूक ओळखू येत नाही. आम्ही लगेच दुसरी वाट केली. सुताराकडून भिंतीला चढत्या फळ्या मारून घेतल्या, कपाटावर एक गोधडी टाकली, तिसरा टब मागच्या ओसरीवर हलवला. चिमी वरच्या वर जायला लागली, आणि वाट अडवण्यात बिट्टूला काही हशील उरलं नाही.

चवथीला पुन्हा अडलं. फटाक्यांचा पहिला बार झाला तसा बिट्टू बिथरला आणि समोर दिसलेल्या चिमीवर धावून गेला. ह्यांनी मध्ये पुठ्ठा सरकवला. भांडणाऱ्या मांजरांत हात कधी घालू नये. त्या रात्री जाळी पुन्हा लागली. दुसऱ्या दिवसापासून आमचं दशलक्षण पर्व, पहिला दिवस उत्तम क्षमेचा. आत्या बिट्टूला म्हणाल्या, "तुला क्षमा आहे, पण दार लावूनच." दहा दिवसांत आम्ही पुन्हा पहिल्यापासून जेवणाचं अंतर कमी करत आणलं. यावेळी दहा दिवस पुरले.

तुमच्या घरी असं असेल तर दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. नवं मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर वाट बघू नका, त्याच्या यकृतावर येतं. आणि बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल, लघवी होत नसेल, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. ताणानं मूत्राशयाला सूज येते, मार्ग बंद होतो, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आपल्या मंदिरांत एक चित्र असतं. गाय आणि सिंहीण एकाच भांड्यात पाणी पिताहेत. ते चित्र मला लहानपणापासून आवडतं. पण ती तीर्थंकरांच्या सान्निध्याची किमया. आमच्या घरात भांडी दोनच राहिली. बिट्टू आणि चिमी एकमेकांना चाटत नाहीत, बिलगून झोपत नाहीत. मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य या चार भावना आपण शिकतो. त्यात माध्यस्थ्याला मी नेहमी शेवटच्या पंगतीला बसवत आले. मैत्रीपुढे ती कोरडी वाटायची. आता वाटतं, एका छपराखाली राहणाऱ्यांना रोज लागते ती तीच. तू तुझ्या जागी, मी माझ्या, आणि मधली वाट मोकळी.

दिवाळीनंतर आत्यांनी पेडण्याचं घर भाड्यानं देण्याचा विषय आपणहून काढला. मी त्यांच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली. "कशाला गं?" म्हणाल्या. "असू द्या," म्हटलं. त्या ती कडी क्वचितच लावतात. दुपारी दार अर्धं उघडं असतं. उंबऱ्याच्या आत चिमी, बाहेर बिट्टू, दोघंही झोपलेली, आणि दोघांत साधारण तीन हातांचं अंतर.